सेंट्रिंगचा पैसा नेमका जातो कुठे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

यावेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त एकाच विषयावरचे निघाले, सेंट्रिंगचा, म्हणजे काँक्रीट ओतायला ठोकलेल्या साच्याचा आणि टेकूंचा, खर्च. सिमेंट आणि स्टीलचा भाव सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण सेंट्रिंगचा हिशेब कोणी मांडतच नाही, काम संपल्यावर कळतं की पैसे इथेच गेले. म्हणून या वेळचं सदर पूर्ण याच विषयाला देतोय. मी अठ्ठावीस वर्षं साइटवर उभा राहून जे बघितलं त्यावरून लिहितोय. रुपयांचे आकडे जिथे ‘समजा’ म्हणून दिलेत तिथे तुमच्या गावचा रेट टाकून हिशेब परत करा.

प्रश्न (बारामतीहून एक ठेकेदार): मी मटेरियलसकट काम घेतो, बहुतेक तळमजला अधिक तीन मजल्यांच्या बिल्डिंगा. प्लाय चार-पाच स्लॅबमध्येच संपतो. आता स्वस्तातला प्लाय घ्यावा, की लोखंडी प्लेटा घ्याव्यात, की सगळंच भाड्याने आणावं?

उत्तर: स्वस्त प्लाय अजिबात नको. का ते आकड्यात बघा. प्लायचा शीट ८ बाय ४ म्हणजे ३२ फूट (फूट म्हणजे इथे चौरस फूट). समजा चांगला फिल्म फेस (वर गुळगुळीत थर चढवलेला) शीट २,००० रुपयांना पडला, म्हणजे फुटाला साडेबासष्ट रुपये. तुमच्याकडे तो ५ वेळा चालला तर एका स्लॅबला फुटामागे साडेबारा रुपये नुसते प्लायचे गेले, तोच १२ वेळा चालला तर सव्वापाच. १,५०० फुटाच्या स्लॅबला हा फरक जवळजवळ ११ हजार रुपये होतो, दर स्लॅबला. खरेदीत शीटमागे दोन-तीनशे वाचवून तुम्ही हे कधीच भरून काढू शकणार नाही, कारण स्वस्त प्लाय तीन स्लॅबनंतर पदर सोडतो आणि लावायची-काढायची मजुरी मात्र दोन्हीला तेवढीच लागते. म्हणून भाव विचारताना शीट कितीला असं न विचारता हा शीट माझ्या साइटवर किती वेळा चालेल हे बघायचं.

आता तो चार-पाच वेळातच का संपतो ते सांगतो. पुढच्या वेळी स्लॅब खोलल्यावर खराब झालेला एक शीट हातात घेऊन नीट बघा. मधला भाग बहुतेक वेळा ठणठणीत असतो, फिल्म चकचकीत असते. कड दोन बोटांत धरून दाबा, ती मऊ लागते, पदर सुटलेले असतात आणि मूळ १२ एमएमची जाडी तिथे फुगून कितीतरी वाढलेली असते. म्हणजे प्लाय मरतो तो कडेने. कारखान्यातून येताना चारही कडांना रंग मारलेला असतो, पण आपला सुतार मापाला कापतो तेव्हा नवीन कड उघडी पडते आणि पहिल्याच स्लॅबला ती सिमेंटचं पाणी पिते. यावर उपाय एवढाच, कापल्या कापल्या त्या कडेला ऑईल पेंटचे दोन हात मारायचे. एक डबा आणि एक पोरगा, अर्ध्या दिवसाचं काम आहे पण कोणी करत नाही.

दुसरं मारेकरी म्हणजे खोलताना होणारी फेकाफेक. माझ्या एका साइटवर तिसऱ्या मजल्याचा स्लॅब खोलत होते, वर दोघं पहार घालून शीट सोडवत होते आणि शीट सुटला की सरळ खाली पडू देत होते, कोपऱ्यावर आपटल्याचा आवाज गेटपर्यंत येत होता. मी त्या दिवशी संध्याकाळी मोजले, ६० शीटपैकी १४ शीटांचे कोपरे गेले होते. कोपरा गेला की पुढच्या वेळी तिथून सिमेंटची रबडी गळते, मग सुतार तो कोपरा कापून टाकतो, ८ फुटाचा शीट साडेसात फुटाचा होतो आणि उरलेल्या अर्ध्या फुटात पट्टी मारत बसावं लागतं. त्याच्या पुढच्या स्लॅबपासून आम्ही खाली दोन माणसं झेलायला उभी केली आणि एक बाई खिळे उपटून, खरवडून, आडवी थप्पी लावायला. तीन हजेऱ्या वाढल्या, पण तोच प्लाय पुढचे सात स्लॅब चालला. थप्पी आडवीच लावा बरं का, भिंतीला टेकवून उभे ठेवलेले शीट वाकतात आणि वाकलेला शीट सरळ बसवायला खिळे जास्त लागतात.

लोखंडी प्लेटा वाईट नाहीत, ३ बाय २ च्या प्लेटा वर्षानुवर्षं चालतात, सरळ चौकोनी खोल्या असतील तर स्लॅबला मी प्लेटाच सांगेन. फक्त सांधे खूप येतात, खालून सीलिंगला रेघा उठतात, प्लास्टर करावंच लागतं, आणि एकदा काठ वाकला की दोन प्लेटांतून गळती सुरू. कॉलम आणि बीमच्या बाजूंना प्लाय, स्लॅबला प्लेटा, असं अर्धं अर्धं केलं तर तुमच्या साइझच्या कामाला परवडतं.

भाड्याचं विचारलंत तर जॅक (कमीजास्त उंचीचे लोखंडी टेकू) आणि स्पॅन (त्यांच्यावरचे लोखंडी आडवे) भाड्याने आणायला हरकत नाही, पण भाडं दिवसावर चालतं हे विसरू नका. समजा ३०० जॅक दिवसाला २ रुपयांनी आणले तर रोजचे ६०० रुपये, आणि सळई कापणारा चार दिवस उशिरा आला, रेडिमिक्सची गाडी दोन दिवस पुढे गेली, तर ३,६०० रुपये काही न करता गेले, प्लेटा आणि स्पॅनचं भाडं वेगळंच. भाड्याचं मटेरियल साइटवर उतरवायच्या आधी सळई कापून वाकवून तयार पाहिजे. मी आजवर भाड्यात लोकांचे पैसे बुडालेले बघितले ते रेटमुळे नाही, रिकाम्या दिवसांमुळे.

प्रश्न (पुण्याहून एक साइट इंजिनिअर): मला जॉइन होऊन दीड वर्ष झालं. सध्याच्या ७ मजली बिल्डिंगमध्ये एकाच मजल्यावर बीमच्या ११ साइझ आहेत आणि दर दोन मजल्यांनी कॉलम कमी होतात. सिनिअर म्हणतात काँक्रीट वाचतं. सेंट्रिंगवाला रोज माझ्याशी भांडतो. खरंच वाचतं का, आणि नसेल वाचत तर मी हे कोणाला आणि कसं सांगू?

उत्तर: दीड वर्षात तुम्ही जे पकडलंत ते बऱ्याच लोकांना आयुष्यभर दिसत नाही. सेंट्रिंगचा खरा पैसा ड्रॉइंगवर ठरतो, साइटवर येईपर्यंत बराचसा खर्च होऊन गेलेला असतो, आपण फक्त उरलेला सांभाळतो.

कॉलमचा हिशेब करू. २३० बाय ६०० एमएमचा कॉलम वरच्या मजल्यावर २३० बाय ४५० केला. ३ मीटर उंचीला वाचलेलं काँक्रीट ०.२३ गुणिले ०.१५ गुणिले ३, म्हणजे ०.१० घनमीटर. काँक्रीट समजा ६,००० रुपये घनमीटर धरलं तर कॉलममागे ६०० रुपये वाचले. आता समोरची बाजू बघा. बॉक्सच्या दोन रुंद बाजू कापायच्या, कापलेल्या कडा उघड्या, शिकंजे (बॉक्स आवळून धरणारे) परत बसवायचे, सुतार आणि हेल्परचा वेळ गेला. इथपर्यंत सगळेच मोजतात. पण कॉलम १५० एमएमने आखडला की दोन कॉलममधला बीम तेवढाच लांब झाला ना. म्हणजे खालच्या मजल्यावरून काढून आणलेला बीमचा बॉटम (तळाची फळी) आता कमी पडतो, बाजू कमी पडतात, प्रत्येक ठिकाणी तुकडा जोडायचा, तिथे सांधा, तिथे गळती, तिथे हनीकोंब म्हणजे काँक्रीटमध्ये पोकळ्या, आणि नंतर ते भरायला परत माणूस. सहाशे रुपयांसाठी आख्ख्या मजल्याचा सेट बदलला. सेंट्रिंगवाला भांडतो ते उगाच नाही.

याला उपाय म्हणजे कॉलमचं माप वरपर्यंत तेच ठेवायचं आणि आतला स्टील कमी करत न्यायचा, किंवा खालच्या मजल्यांना काँक्रीटचा ग्रेड जास्त ठेवायचा. आता कोणी म्हणेल की स्टील किती कमी करणार, आयएस ४५६ मध्ये (काँक्रीटच्या बांधकामाचा भारतीय कोड) कॉलमला किमान ०.८ टक्के सांगितलंय, तर ते बरोबर आहे, त्यामुळे पंधरा-वीस मजल्यांच्या कामात एकदा किंवा दोनदा माप बदलणं ठीकच. पण ७ मजल्यात तीन वेळा बदलायला काही कारण मला तरी दिसत नाही.

बीमचं पण तेच. ११ साइझ म्हणजे सुताराने प्रत्येक बीमपाशी थांबून ड्रॉइंग बघायचं. रुंदी सगळीकडे एकच, २३० तर २३०, कॉलमच्या रुंदीला मिळती, आणि बीमची खोली, म्हणजे उभं माप, दोन किंवा फार तर तीन, समजा ४५० आणि ६००. कुठे ३८० पुरत असेल तिथे ४५० दिला तर थोडं काँक्रीट जास्त जाईल पण खोली वाढल्याने त्या बीमचा स्टील कमी लागू शकतो. दुय्यम बीम पण तपासायला सांगा. ४ बाय ५ मीटरच्या खोलीत मधे ४ मीटरचा एक बीम टाकलेला असतो, तो काढून स्लॅब १२५ ऐवजी १५० केला तर काँक्रीट अर्धा घनमीटर वाढतं, पण बीमचं पाव घनमीटरच्या आसपास वाचतं, शिवाय त्याचा बॉटम, दोन बाजू, त्याच्या खालचे जॅक, त्याच्या सळईच्या रिंगा, सगळंच जातं आणि खालून खोली सपाट मिळते. हे अर्थातच स्ट्रक्चरल कन्सल्टंटने डिफ्लेक्शन, म्हणजे स्लॅब किती वाकतो ते, तपासून हो म्हटल्यावरच, साइटवर आपल्या मनाने कधीच नाही.

अजून दोन गोष्टी बघून ठेवा, टॉयलेटचे संक (खाली दाबलेला स्लॅब) आणि एलिव्हेशनच्या पार्ड्या, म्हणजे दर्शनी बाजूच्या काँक्रीटच्या पातळ भिंती. संक म्हणजे स्लॅबची लेव्हल तुटली, तिथे प्रत्येक वेळी वेगळी पेटी ठोकायची. पाइप खालच्या मजल्याच्या फॉल्स सीलिंगमध्ये घेतले तर संक लागतच नाही. पार्ड्या तर दोन-अडीच इंचाच्या असतात, आत व्हायब्रेटरची सुई जात नाही, दोन्ही बाजूंनी प्लाय आणि काँक्रीट मूठभर. त्या नंतर हलक्या ब्लॉकमध्ये किंवा दुसऱ्या मटेरियलमध्ये करता येतात का ते आर्किटेक्टला विचारा.

कोणाला सांगायचं, तर तक्रार घेऊन जाऊ नका, एक कागद घेऊन जा. पहिल्या रकान्यात बीमची साइझ, दुसऱ्यात एका मजल्यावर तिची किती मीटर लांबी, तिसऱ्यात ती किती मजल्यांवर परत येते. ज्या साइझची लांबी ६-७ मीटर आणि मजले दोन, तिच्याखाली लाल रेघ मारा. हा कागद आधी सिनिअरना दाखवा, मग त्यांच्याबरोबर कन्सल्टंटकडे. मी असे कागद घेऊन गेलो तेव्हा कन्सल्टंटने चिडून परत पाठवल्याचं मला आठवत नाही, बहुतेकांना आपल्या कॉम्प्युटरने दिलेल्या साइझ साइटवर काय करतात हे कोणी सांगितलेलंच नसतं. या बिल्डिंगला उशीर झाला असेल तर पुढच्या बिल्डिंगला प्लिंथच्या आधी जा.

प्रश्न (कोल्हापूरहून घर बांधणारे एक गृहस्थ): आमच्या बंगल्याचा पहिला स्लॅब झाला. ठेकेदार म्हणतो सातव्या दिवशी सगळं खोलतो, माझं मटेरियल दुसऱ्या साइटला पाहिजे, तुम्हाला बिलात १५ हजार कमी करतो. घ्यावं का?

उत्तर: नाही. हे पंधरा हजार घेऊ नका.

आयएस ४५६ मध्ये दिवस स्पष्ट लिहिलेत. स्लॅबखालचे जॅक, गाळा (दोन आधारांमधलं अंतर) साडेचार मीटरपर्यंत असेल तर किमान ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४. बीमखालचे जॅक ६ मीटरपर्यंतच्या गाळ्याला १४ दिवस आणि त्यावर २१. म्हणजे तुमचा हॉल १६-१७ फुटाचा असेल तर तो सातव्या दिवशी बसतच नाही, आणि बीम तर कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. शिवाय हे दिवस साध्या ओपीसी सिमेंटचे आणि तापमान १५ डिग्रीच्या खाली न गेलेल्या हवेचे आहेत. तुमच्या पोत्यावर बघा, बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) लिहिलेलं असेल, ते सावकाश ताकद धरतं, म्हणून आम्ही साइटवर ७ चे १० आणि १४ चे २० धरतो. तिसरी गोष्ट, त्याच कोडमध्ये असंही आहे की खोलताना काँक्रीटवर जेवढा ताण येणार त्याच्या किमान दुप्पट ताकद त्यात आलेली पाहिजे. तुमच्याकडे क्यूब (तपासणीसाठीचे काँक्रीटचे ठोकळे) भरले असतील तर सात दिवसांचा रिझल्ट मागा, नसतील भरले तर दिवस पूर्ण होऊ द्या.

पण ठेकेदाराची अडचण पण खरी आहे, त्याचं भांडवल तुमच्या स्लॅबखाली अडकलंय. त्याला मधला रस्ता सांगा. तीन दिवसांनंतर तो स्लॅबच्या प्लेटा आणि प्लाय काढू शकतो, अट एकच, प्लेट काढली की लगेच त्याच जागी टेकू परत घट्ट लागला पाहिजे, एका वेळी एक पट्टा, आख्खी खोली मोकळी करून मग टेकू लावायचे नाहीत. म्हणजे प्लेटा दुसऱ्या साइटला गेल्या, जॅक राहिले. बीमचा बॉटम सात दिवसांनी अशाच पद्धतीने काढता येतो. हे तीन आणि सात पण ओपीसीचेच दिवस, पीपीसी असेल तर वर सांगितलं तसे वाढवून धरा. बीमच्या आणि कॉलमच्या बाजू तर दुसऱ्या दिवशीच निघतात, १६ ते २४ तास पुरतात. यातून त्याचा निम्मा-अधिक माल सुटतो.

बाल्कनी आणि छज्जा मात्र शेवटी, आणि तो खोलताना तुम्ही स्वतः उभे राहा. बाहेरच्या टोकाकडून सुरुवात करून भिंतीकडे यायचं. साध्या खोलीच्या स्लॅबला मधून सुरुवात करून कडेकडे जायचं. उलटं केलं तर स्लॅबवर असा ताण येतो ज्यासाठी त्यात सळईच टाकलेली नसते. आणि वरचा मजला भरणार असाल तर त्या दिवशी खालच्या मजल्यावरचे टेकू तसेच पाहिजेत. पाच इंची स्लॅबचं ओलं काँक्रीट चौरस मीटरला ३०० किलोच्या वर भरतं, त्यात माणसं, गाड्या, पंपाचा पाइप, हे सगळं वजन खालच्या कोवळ्या स्लॅबवर येतं.

प्रश्न (नाशिकहून एक बिल्डर): ७ मजल्यांच्या दोन बिल्डिंगा करतोय, मजल्यावर चार फ्लॅट. सगळे मायवान घ्या म्हणतात. परवडेल का?

उत्तर: मायवान मायवान म्हणतात ते अॅल्युमिनियमचं फॉर्मवर्क, मायवान हे मूळ एका कंपनीचं नाव, आता सगळ्यालाच तेच म्हणतात. पॅनेल माणसाच्या हाताने उचलता येतात, क्रेन लागत नाही, भिंती आणि स्लॅब एकदमच भरतात, वीटकाम जातं आणि प्लास्टर पण बरंचसं जातं. पॅनेल नीट सांभाळले तर दोनशेच्या वर वेळा चालतात, आणि त्याचं सगळं गणित या दोनशेवरच उभं आहे.

तुमच्याकडे ७ आणि ७, चौदा वेळा. नवीन सेट तुमच्या ड्रॉइंगला बनवून घेतला तर दोनशेचं आयुष्य असलेली वस्तू तुम्ही चौदा वेळा वापरून गोडाऊनमध्ये टाकणार. पुढची बिल्डिंग वेगळ्या प्लॅनची असेल तर बरेच पॅनेल बसणारच नाहीत. त्यामुळे विकत घेण्याच्या बाबतीत माझं उत्तर नाही. पुढच्या चार-पाच वर्षांत तोच फ्लॅट तुम्ही आठ-दहा बिल्डिंगांमध्ये करणार असाल, खरंच करणार असाल, तर मग घ्या. एका सेटमधून दोन्ही बिल्डिंगा एकाआड एक भरल्या तरी चौदाचे अठ्ठावीस होत नाहीत, हे मुद्दाम लिहितोय कारण विकणारे तसं बोलून जातात.

भाड्याने मिळत असेल तर विचार करा, पण तेव्हा तीन गोष्टी डोक्यात ठेवा. स्ट्रक्चर सुरुवातीपासून काँक्रीटच्या भिंतींचं डिझाइन केलेलं पाहिजे, बीम-कॉलमचं ड्रॉइंग आणून त्यावर मायवान बसत नाही. लाइटचा प्रत्येक पॉइंट पहिला मजला भरायच्या आधी ठरलेला पाहिजे, नंतर झिरी मारता येत नाही. आणि फ्लॅट घेणाऱ्याला आधीच सांगावं लागतं की आतली भिंत पाडून हॉल मोठा करता येणार नाही. टेकू मात्र तीन मजल्यांचे घ्यावे लागतात, पॅनेल एक सेट पुरतात.

तुमच्या कामाला मी सांगेन, कॉलमला मापाचे स्टीलचे किंवा प्लायचे पक्के बॉक्स करा, स्लॅबला फिल्म फेस प्लाय, आणि दोन्ही बिल्डिंगांचा प्लॅन आरशासारखा उलटा न ठेवता एकसारखा ठेवा. एका बिल्डिंगचा स्लॅब ताकद धरेपर्यंत तोच प्लाय आणि तीच टोळी दुसऱ्या बिल्डिंगवर. चौदा वापर प्लायला बरोबर मापाचे आहेत. मजल्याची उंची सगळीकडे एकच ठेवा, दुकानांसाठी तळमजला उंच असेल तर तेवढाच वेगळा. आणि तुमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा चांगलाच उतरतो, तेव्हा खोलायचे दिवस वाढतात, प्रोग्राम करताना ते धरा.

प्रश्न (लातूरहून एक सेंट्रिंग मिस्त्री): मालक लोक स्लॅबच्या फुटावर रेट ठरवतात. बीम जास्त निघाले की आमचं मरण होतं. बिल कसं मागावं?

उत्तर: मिस्त्री, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि हे मालकांनी पण वाचावं. सरकारी कामात काँक्रीटला जेवढा पृष्ठभाग लागतो तेवढा मोजतात, तीच पद्धत खरी. ९ बाय १८ इंचाचा बीम घ्या, वर ५ इंच स्लॅब. खाली १३ इंच लोंबतो, दोन बाजू २६ इंच आणि बॉटम ९ इंच, झाले ३५ इंच, म्हणजे फुटाला जवळपास २.९ फूट काम. स्लॅबच्या फुटावर मोजलं तर तोच बीम पाऊण फूट धरला जातो. १०० फूट बीमला तुम्ही २९० फूट काम केलं आणि पैसे ७५ फुटाचे मिळाले. असं झालं की मिस्त्री कुठेतरी भरून काढतो, शिकंजे कमी लावतो, जॅक लांब लांब लावतो.

आणि त्याचं काय होतं ते मी बघितलंय. १० फुटी कॉलम एका दमात भरला तर तळाशी ओल्या काँक्रीटचा रेटा चौरस मीटरला साडेसात टनापर्यंत जातो, १८ इंची बाजूच्या खालच्या एका फुटावर जवळजवळ एक टन. आमच्या एका कामावर खालचा शिकंजा लावला नव्हता, तळाच्या स्टार्टरपासून दीड फुटावर कॉलमला पोट सुटलं, बोटभर बाहेर. सकाळी बॉक्स खोलल्यावर दोन माणसं दोन दिवस छिन्नी-हातोडा घेऊन बसली होती, आणि तो आवाज ऐकत मालक शेजारी उभा होता. वाचलेला शिकंजा एक.

तेव्हा काम घेतानाच ड्रॉइंग मागा, बीमची लांबी काढा, आणि दोन रेट सांगा, स्लॅबचा वेगळा, बीम-कॉलमचा वेगळा, पृष्ठभागावर. मालक स्लॅबच्याच फुटावर अडून बसला तर बीमचा हिशेब त्या रेटमध्ये धरून सांगा, पण काम सुरू व्हायच्या आधी. स्लॅब भरल्यावर मागितलेला पैसा मिळत नाही.

प्रश्न (डिचोली, गोव्याहून): घराला उतरता काँक्रीटचा स्लॅब करून त्यावर मंगलोरी कौलं लावायची आहेत. सेंट्रिंगचा खर्च सपाट स्लॅबच्या दीडपट सांगतायत. कमी होईल का?

उत्तर: दीडपट जास्त वाटत असली तरी उगाच नाही, प्रत्येक जॅकची उंची वेगळी, प्रत्येक बीम तिरका, आणि टेकूला खालून आडवे बांध घालावे लागतात, नाहीतर सगळं एका बाजूला सरकतं. उतार जास्त असला, तीसेक डिग्रीच्या पुढे, तर काँक्रीट घसरतं म्हणून वरून पण फळी लागते, म्हणजे दुप्पट सेंट्रिंग. उतार त्याच्या आत ठेवा आणि काँक्रीट घट्ट मागवा, खालून वर भरत जा, वरची फळी वाचेल. पण मला विचाराल तर खाली सपाट स्लॅब आणि वर लोखंडी पाइपच्या कैच्या उभ्या करून कौलं लावा. उतरत्या भागाला सेंट्रिंगच नाही, मधे माळा मिळतो, स्लॅब तापत नाही आणि पावसात गळलं तर कौल बदलता येतं.

प्रश्न (चिपळूणहून, घराचं काम चालू असलेल्या एक ताई): मिस्त्री प्लेटांना गॅरेजमधलं जळकं ऑईल लावतो, फुकट मिळतं म्हणतो. चालतं का? आणि लिंटेल-छज्ज्याच्या छोट्या छोट्या कामांना फार प्लाय जातोय.

उत्तर: जळकं ऑईल बंद करा ताई. सीलिंग काळं पडतं, त्यावर प्लास्टर धरत नाही, दोन पावसाळ्यांनंतर पापुद्रे पडतात आणि तेव्हा मिस्त्री सापडत नाही. शटरिंग ऑईल विकत मिळतं, पातळ हात पुरतो, आणि ते सळई मांडायच्या आधी लावायचं, सळईला ऑईल लागलं तर काँक्रीट तिला धरत नाही.

लिंटेलचं म्हणाल तर खिडक्यांची मापं एकसारखी असतील तर प्रत्येक खिडकीवर पेटी ठोकू नका. अंगणात सपाट जागेवर प्लास्टिकचा कागद अंथरून एकच साचा करा आणि एकामागून एक लिंटेल जमिनीवरच ओता. ४ फुटी, ९ बाय ६ इंचाचा लिंटेल साधारण १०० किलो भरतो, चार माणसं परांचीवर चढवतात. वरची बाजू कुठली ते ओल्या काँक्रीटवर खिळ्याने बाण काढून ठेवा, सळई खालच्या बाजूला असते आणि चढवताना उलटा बसला तर तडकतो. आठ-दहा दिवस पाणी मारून मगच उचला. छज्जा मात्र असा सुटा ओतू नका, तो लिंटेलच्या किंवा बीमच्या सळईला बांधूनच जागेवर भरायचा, तिथला प्लाय वाचवू नका.